एका नावाची पत्रिका

मी गोरक्ष. काळेवाडीत माझा छापखाना आहे, बावीस वर्षं झाली. चऱ्होलीत अजूनही काही लोक म्हणतात, की सगळं त्या छापखानेवाल्यानं केलं. अहो, मी काय केलं? दिलं ते छापलं! तेवढ्यावर माणसाला गुन्हेगार ठरवायचं असेल तर ठरवा बापडे.

लग्नपत्रिका म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. आमच्या भागात नवरा-नवरीचं नाव कुणी वाचत नाही. माणूस पत्रिका हातात घेतो, वर छापलेला गणपती डोक्याला लावल्यासारखं करतो आणि थेट खाली जातो. तिथं ‘आपले नम्र’ असतं, ‘निमंत्रक’ असतं, ‘कार्यवाहक’ असतं, आणि त्या प्रत्येकाखाली भावकीतल्या पुरुषांची फौज उभी असते. माणूस बोट फिरवत फिरवत आपलं नाव शोधतो. सापडलं की आपल्या वर कोण आहे ते बघतो. वर चुकीचा माणूस असला की तो लग्नाला येत नाही, आणि आलाच तर जेवत नाही. दोन वर्षांपूर्वी ज्योतीरामच्या मुलीची पत्रिका मी छापली. एक नाव ओळीत मावेना म्हणून खालच्या ओळीत घेतलं. फक्त एक ओळ! तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानाच्या दाराची काच फुटली. आडनाव सांगत नाही, काच अजून नवी आहे.

त्याच भावकीत रोहिणीचं लग्न निघालं.

रोहिणी सोपानरावांची पुतणी. ती सात वर्षांची असताना तिचे आईवडील हायवेला एका अपघातात गेले. तिला वाढवलं ते तिच्या आत्यानं, तानाबाईनं. तानाबाई तिन्ही भावंडांत थोरली. नांदायला गेली होती, पण नवऱ्यानं दुसरी आणली तशी वर्षाच्या आत माहेरी परत आली. सोपानरावांच्या घराला मागच्या बाजूनं एक खोली आहे, तिथं ती आणि रोहिणी राहायच्या. सकाळी कंपनीच्या बसनं चाकणला जायचं, तिथल्या कँटीनमध्ये दिवसभर चपात्या लाटायच्या, परत यायचं. तिनं त्या पोरीला इंजिनियर केलं. सोपानराव वाईट माणूस नाही, पोरीच्या लग्नात हात आखडता घेणारा तर मुळीच नाही. पण भावकीचा म्होरक्या पडला, आणि म्होरक्याला रिवाज सांभाळावा लागतो.

रोहिणीनं लग्न ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी चुलत्याला सांगितलं, “पत्रिकेत आत्याचं नाव पाहिजे. आपले नम्रमध्ये.”

सोपानराव म्हणाले, “बाईमाणसाचं नाव त्यात नसतंय, बाळ. त्यात आक्का परत आलेली. शुभकार्याची पत्रिका हाय ती.”

एवढंच. ओरडले नाहीत, काही नाही. पण रोहिणी मला दुकानात येऊन हे सांगत होती तेव्हा तिचे डोळे भरले होते. “काका, मला बाकी काही नको हो,” म्हणाली, “दोन हजार पत्रिका छापणार. त्यात एकदा तरी तिचं नाव यावं.” मी मेलेल्या आजोबांची नावं ‘कृपाशीर्वाद’खाली छापलीत, पाळण्यातल्या पोरांची नावं ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून छापलीत. ज्या बाईनं नवरीला घास भरवला तिचं नाव छापायला जागा नाही म्हणे!

आता मुद्द्याचं. नावांचा क्रम ठरवायला भावकीच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत खुर्ची उचलली गेली, तेव्हा रोहिणीनंच तोड काढली. ती ताथवड्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. तिथं म्हणे शंभर-शंभर माणसं एकाच मजकुरावर काम करतात. कुणी कुठली ओळ घातली, कुणी काढली, किती वाजता काढली, हे सगळं एक सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं. व्हर्जन कंट्रोल म्हणतात त्याला. तिनं पत्रिकेची यादी त्यात घातली आणि सगळ्यांच्या फोनवर ते चढवून दिलं. नियम सोपा. ज्याचं नाव तो त्या ओळीचा मालक. बदल कुणीही सुचवावा. एका दिवसात कुणी हरकत घेतली नाही तर तो बदल लागू, हरकत घेतली तर रद्द. गप्प बसलात म्हणजे तुमची हरकत नाही.

भावकी खूश! समोरासमोर शिव्या द्यायचं कारण उरलं नाही. दोन महिने चऱ्होलीत एकशे बारा पुरुष फोनमध्ये मान घालून एकमेकांना वर-खाली करत होते. शेतावर, प्लॉटिंगच्या ऑफिसात, कंपनीच्या लाइनवर, संडासात सुद्धा. ज्योतीराम चौथ्याचा तिसरा व्हायचा, दुपारी परत चौथा व्हायचा. यादीच्या एकशे नव्वद आवृत्त्या झाल्या.

आणि रोज संध्याकाळी रोहिणी एक बदल सुचवायची: तानाबाई मारुतराव. मारुतराव म्हणजे तानाबाईचे वडील, नवऱ्याचं नाव लावायचा प्रश्नच नव्हता. तानाबाईच्या ओळीची मालकीण तानाबाई, म्हणून तिच्याही फोनवर ते चढवलेलं. आणि रोज सकाळी सहाला सोपानराव तोंड धुवायच्या आधी हरकत घ्यायचे. त्रेपन्न दिवस हे चाललं. घरात त्यावर एक शब्द कुणी बोललं नाही, एकमेकांना चहा देणं-घेणं रोजच्यासारखं चालू.

यादी पक्की व्हायची तारीख ठरली शुक्रवार. सकाळी दहाला ती आपोआप माझ्या कंप्युटरवर येणार आणि मी छापणार. सोपानरावांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं, चक्क सहीनिशी, की यादीतलं एक अक्षर मी हलवणार नाही. काचेची गोष्ट त्यांनाही ठाऊक होतीच ना.

आणि गुरुवारी दुपारी ते सॉफ्टवेअर अपडेट झालं.

कुणी केलं? कुणीच नाही. आपोआप झालं, तसं ते होत असतं. सगळ्यांच्या फोनवर इंग्रजीत एक लांबलचक सूचना आली. खाली दोन बटणं, एक हिरवं, एक लाल. त्यात काय लिहिलं होतं ते मला रोहिणीनं नंतर मराठीत सांगितलं. आजवर तुम्ही गप्प राहिलात तर आम्ही होकार धरत होतो. आजपासून गप्प राहिलात तर नकार धरू. यादीतली किंवा नुसती सुचवलेली, आपली ओळ हवी असेल तर मालकानं स्वतः हिरवं बटण दाबून मागावी, दुसऱ्याची हरकत आता चालणार नाही. जो आधी मागेल तो वर. मुदत शुक्रवारी सकाळी नऊ.

भावकीत काय झालं सांगतो. ज्योतीरामनं पाच मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, “कोणीही काहीही दाबू नये. खाते रिकामे होते. माझ्या साडूचे झाले.” त्याला चौऱ्याण्णव अंगठे आले. राहिले मोजके शिकलेले. सोपानरावांचा मुलगा कुलदीप शिकलेला आहे, त्यानं वाचलं आणि वडिलांना सांगितलं, “अण्णा, आपलं नाव आपल्यालाच मागावं लागंल म्हणतंय.”

सोपानराव भडकले. “मी मागू? माझ्या पुतणीच्या लग्नात माझं नाव मी हात पसरून मागू? नाव लोकांनी घालायचं असतंय, आग्रह करून. कोण काढतंय माझं नाव, बघतोच.”

कुलदीपनं स्वतःचंही बटण दाबलं नाही, कारण बापाआधी दाबलं तर बापाच्या वर जाईल. त्याच्या खालचे कुलदीपसाठी थांबले. त्यांच्या खालचे त्यांच्यासाठी थांबले. अशी सगळी भावकी एकमेकांची वाट बघत झोपली.

तानाबाईला मात्र बटणांची सवय. कँटीनच्या ठेकेदारानं बायकांच्या फोनवर एक ॲप टाकलंय. उद्या कामावर येणार का, असं ते रोज विचारतं. हिरवं दाबलं तर येणार. नाही दाबलं तर दुसरी बाई बोलावतात. सूचना आली तेव्हा ती पीठ मळत होती. कँटीनमधल्या एका मुलीकडून तिनं वाचून घेतलं. ती म्हणाली, “मावशी, लग्नाच्या यादीत तुमचं नाव पाहिजे का विचारतायत.” तानाबाईनं हात धुतला, पदराला पुसला आणि हिरवं दाबलं.

शुक्रवारी सकाळी सहाला सोपानरावांनी नेहमीप्रमाणे हरकत घेतली. सॉफ्टवेअरनं त्यांचे आभार मानले आणि काहीच केलं नाही.

दहा वाजता माझ्याकडं यादी आली. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितली. ‘निमंत्रक’खाली पांढरं. ‘कार्यवाहक’खाली पांढरं. लहान पोरांच्या ओळीखालीही पांढरं, पोरांकडं कुठं फोन होते? आणि ‘आपले नम्र’खाली एकच नाव. तानाबाई मारुतराव.

मी सोपानरावांना फोन लावला. हे मी शपथेवर सांगतो, लावला! ते कुठल्यातरी प्लॉटवर मोजणीला उभे होते.

“सोपानराव, यादी आलीय, पण—”

“आली ना? मग छाप की.”

“अहो, पण यादीत—”

“गोरक्ष, ज्योतीरामच्या टायमाला बी तू असंच पण-पण करत हुतास. यादीत हाय तेच. काना-मात्रा बी हलवायची न्हाई. सही केलीस ना? ठेव.”

आणि फोन कट. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, राव! बावीस वर्षं लोकांच्या आजोबा-पणजोबांना ओळीत बसवतोय, आणि हा माणूस मला वाक्य पुरं करू देत नाही. म्हटलं, ठीक आहे. हाय तेच. आता बघाच.

छापताना एकच अडचण आली. एका नावानं एवढी मोठी जागा भरेना, पान उघडं दिसायला लागलं. काम वाईट दिसलेलं मला खपत नाही. अक्षर हलवायचं नाही अशी सही होती, अक्षर मोठं करायचं नाही असं कुठं म्हटलं होतं? मी नाव मोठं केलं. अजून मोठं केलं. शेवटी ते नवरा-नवरीच्या नावापेक्षा मोठं झालं, खाली एक वेलबुट्टी टाकली आणि दोन हजार प्रती काढल्या. सुरेख दिसत होती पत्रिका. खोटं कशाला बोलू, छापताना मला आनंद झाला.

सोपानराव दुपारी गाडी घेऊन आले. गठ्ठे बांधलेले होते. वरच्या पाकिटाला हळदकुंकू लावून ते तसंच देवळात नेऊन देवापुढं ठेवलं, पाकीट उघडलं नाही. बाकीचे गठ्ठे कुलदीपनं घेतले आणि संध्याकाळपर्यंत मंचरपासून देहूपर्यंत तीनशे पत्रिका वाटून टाकल्या. त्यानंही पत्रिका उघडून बघितली नाही. आपल्याच घरची पत्रिका कोण वाचतं?

पहिला फोन सोपानरावांच्या होणाऱ्या व्याह्यांचा आला. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “कसं झालं हो हे?”

“काय कसं झालं?”

“न्हाई म्हंजे, येवढे सगळे पुरुष… एकदम?”

रात्रीच्या जेवणाआधी तीन गाड्या दारात. एक पाहुणा दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन आला होता, सोपानरावांना समोर बघितल्यावर त्यानं टॉवेल पाठीमागं लपवला. काहींना वाटलं भावकी मेली, काहींना वाटलं भावकीनं बहिष्कार टाकला. एका होतकरू पुढाऱ्याच्या माणसानं फोन करून सांगितलं, की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतो, फक्त नावं क्रमानं पाठवा.

शनिवारी दुपारी माझं दुकान भरलं. चाळीसेक माणसं असतील, आत मावतील तेवढी आत, बाकीची फुटपाथवर. मी काचेच्या दारापुढं खुर्ची टाकून बसलो.

“पुन्हा छाप,” सोपानराव म्हणाले.

“छापतो. पण देवाला ठेवलीत ना तुम्ही?”

देवापुढं ठेवलेली पत्रिका बदलायची म्हणजे देवाला सांगायचं, की आधी सांगितलं ते लग्न नव्हे. असलं धाडस कोण करणार? मग मीच म्हटलं, की पुरवणी काढू. नावांचा वेगळा कागद छापून आत घालू. सगळ्यांचे चेहरे खुलले. रोहिणीला बोलावलं. ती ऑफिसचा लॅपटॉप घेऊनच आली.

“जुनी यादी मिळंल का गं?” सोपानरावांनी विचारलं.

“सगळ्या मिळतील, काका. एकशे नव्वद आवृत्त्या आहेत. कुठली पाहिजे?”

हे तिनं बोलायला नको होतं. सोपानराव म्हणाले, “शेवटची.” ज्योतीराम म्हणाला, “शेवटची का म्हणून? एकशे अडतिसावी काढ. तीत मी दुसरा हुतो.” मागून कुणीतरी ओरडलं, “चोपन्नावी! चोपन्नावीत आमची आळी वर हुती.” दोन मिनिटांत प्रत्येकाला आपापली आवृत्ती आठवायला लागली. ज्या दिवशी जो सगळ्यात वर होता, त्याला तो दिवस पाठ! एकजण तर सोळाव्या आवृत्तीसाठी हटून बसला, त्यात तो पहिला होता, सव्वादोन ते अडीचच्या दरम्यान. मी म्हटलं, प्रत्येकाला त्याची त्याची पुरवणी छापून देतो, आपापल्या पाहुण्यांना वाटा. चेष्टेनं म्हटलं हो! त्यावर गंभीरपणे चर्चा झाली.

शेवटी रोहिणी म्हणाली, “भांडू नका. मुदत वाढवून देते. आत्तासुद्धा हिरवं बटण दाबून नाव मागता येईल. जो आधी दाबेल तो वर.”

चाळीस फोन खिशातून निघाले. चाळीस अंगठे हवेत. आणि थांबले.

“दाबा, सोपानराव,” ज्योतीराम म्हणाला.

“तू दाब की.”

“तुमच्या आधी मी कसा दाबू?”

“मी दाबलं तर कितवा लागंल?” सोपानरावांनी रोहिणीला विचारलं.

“दुसरे,” ती म्हणाली. “पहिली आत्या आहे. तिनं गुरुवारीच दाबलंय.”

सोपानरावांनी फोन खिशात घातला. मग एकामागून एक सगळ्यांनी घातले. बहिणीच्या खाली म्होरक्या जाणार नाही, म्होरक्याच्या आधी कुणी दाबणार नाही. संपलं.

“तुला ठाव हुतं का गं हे?” सोपानरावांनी विचारलं.

“सूचना सगळ्यांनाच आली होती, काका,” रोहिणी म्हणाली. तिनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

“तिचं काढून टाक.”

“मला नाही येत काढता. ती मालकीण आहे ओळीची. तिलाच काढावं लागेल.”

मग कुलदीपला गाडी घेऊन चाकणच्या रस्त्याला पिटाळलं. तानाबाईची पहिली पाळी सुटली होती, ती बसची वाट बघत उभी होती. तासाभरानं ती आली. अंगावर कँटीनचा निळा ॲप्रन, केसांना ती प्लास्टिकची टोपी तशीच. एवढी माणसं बघून ती दारातच थांबली. लोक दोन्हीकडं सरकले.

सोपानराव म्हणाले, “आक्का, त्या फोनात लाल बटण हाय. ते दाब. लई घोळ झालाय.”

रोहिणी मध्ये पडली नाही. त्रेपन्न संध्याकाळी तिनं जे मागितलं ते आता या बाईच्या अंगठ्यावर होतं, आणि या बाईनं भावाला आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. मलाही वाटलं, ही दाबणार. म्हटलं, गोरक्ष, नाव एवढं मोठं छापलंस आणि गेलंच ते.

तानाबाईनं फोन काढला. मग माझ्याकडं बघितलं. “भाऊ, छापलेलं कुठं हाय? मी अजून बघितलंच न्हाई.”

मी पत्रिका दिली. तिनं ती लांब धरली, जवळ धरली. “वाचा,” म्हणाली.

मी वाचलं. “आपले नम्र, तानाबाई मारुतराव.”

“पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. तिनं त्या वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. ती रडली नाही, आमच्यातल्या दोघातिघांचं सांगत नाही.

“सोपाना,” ती म्हणाली, “नांदायला धाडली तवा कुणी इचारलं न्हाई. परत आले तवा मागली खोली दिली, ती बी न इचारता. साठ वर्साची झाले. ह्या फोनानं मला इचारलं, नाव पायजे का. मी व्हय म्हणले. आता न्हाई म्हणायची न्हाई.”

आणि तिनं फोन कमरेला खोचला.

ज्योतीरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “म्हंजे आमी कोण? पाहुणे का? मग पाहुण्यासारखंच वागू. घरी येऊन आवतण द्या, वाटलं तर येऊ, न्हाईतर ऱ्हायलं. चला रं!” आणि सगळे निघाले. सोपानरावही उठले. दारात वळून म्हणाले, “मी बी घरचा न्हाई मग. मला बी तेच लागू.”

रोहिणी तेव्हा रडली. लग्न पुढच्या रविवारी, आणि मांडवात तिच्या बाजूनं कोण उभं राहणार? सासरचे चाकणकडचे, दोनशे माणसं घेऊन येणार. इकडं एक आत्या. “दाबून टाक, आत्या,” ती म्हणाली. “नको मला. तू नुसती लग्नात उभी राहिलीस तरी बास.”

“गप,” तानाबाई म्हणाली. “उद्या सुट्टी हाय माझी.” मग मला म्हणाली, “भाऊ, तुमच्याकडं स्कूटर हाय न्हवं? छापलं तुमी, फिरवायचं बी तुमीच.”

रविवारी सकाळी आठला मी चऱ्होलीत हजर. तानाबाई हिरवं लुगडं नेसली होती, हातात हळदकुंकवाची वाटी आणि पिशवीत पत्रिका. घरं तिनं मानानं घेतली नाहीत, रस्त्यानं घेतली. जे आधी लागेल ते आधी. दारात उभं राहायचं, पाकिटाला कुंकू लावायचं आणि एकच वाक्य म्हणायचं, “रोहिणीचं लग्न हाय, समद्यांनी यायचं.”

आता दारात आलेल्या आवतणाला नाही कसं म्हणणार? पहिल्या घरी म्हाताऱ्यानं मान हलवली. दुसऱ्या घरी चहा झाला. तिसऱ्या घरी एकजण हळूच मला बाजूला घेऊन म्हणाला, “म्हंजे खुर्च्या लावायचं आमच्याकडं न्हाई ना? वाढप्यांवर लक्ष ठेवायचं?” मी म्हटलं, नाही, तुम्ही पाहुणे. त्याचा चेहरा असा उजळला! चाळीस वर्षांत तो माणूस भावकीच्या लग्नात बसून जेवला नव्हता. ही बातमी आमच्या स्कूटरच्या पुढं पळाली. सहाव्या घरी लोक दारात वाटच बघत उभे होते. ज्योतीराम आधी आतच बसून राहिला. त्याची बायको म्हणाली, “या की बाहेर, सगळ्यांनी घेतलं,” तेव्हा आला, पत्रिका घेतली आणि तानाबाईला विचारलं, “जेवण कुठल्या पंगतीला?” ती म्हणाली, “पहिल्या.” तो गारच पडला.

मग सोपानरावांचं घर आलं.

मी स्कूटर फाटकाशी थांबवली. तानाबाई मागच्या खोलीकडं जायच्या सवयीनं दोन पावलं गेली, मग वळली आणि पुढच्या दारात आली. जोत्यावर चढली नाही, खाली अंगणात उभी राहिली. रंभावहिनी, सोपानरावांची बायको, आतून बघत होत्या. सोपानराव झोपाळ्यावर पेपर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचत नव्हते एवढं मला कळत होतं.

तिनं पाकिटाला कुंकू लावलं. “सोपाना, रोहिणीचं लग्न हाय. समद्यांनी यायचं.”

झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती. तानाबाई हात पुढं करून तशीच उभी. या माणसाची ती थोरली बहीण, आणि ती त्याला त्याच्याच अंगणात परक्यासारखं आवतण देतेय.

शेवटी सोपानरावांनी झोपाळा पायानं थांबवला. उठून खाली आले. पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, उघडली, आणि पहिल्यांदाच ती वाचली. नाव वाचताना त्यांचे ओठ हलले.

“लई मोठं छापलंय,” ते म्हणाले.

“व्हय.”

मग ते वाटेतून बाजूला झाले. “आत ये की आक्का. पुढनंच ये. रंभा चहा टाकतीया.”

तानाबाईनं दाराकडं बघितलं. पदरानं तोंड पुसलं. मग पिशवी खांद्याला नीट केली.

“आत्ता न्हाई,” ती म्हणाली, “अजून चाळीस घरं ऱ्हायलीत माझी.” आणि माझ्या मागं स्कूटरवर येऊन बसली.